मागून येणारा आवाज

ताई,

तू आईला तुझ्याकडे घेऊन गेलीस आणि इकडे माझ्या वर्गाची पार वाट लागली.

मी पोरांसाठी गणिताचे व्हिडिओ बनवतो. ते घरी बघून यायचे आणि गणितं वर्गात सोडवायची, अशी आमची उलटी पद्धत. आई होती तोवर प्रत्येक व्हिडिओत मागून तिचा आवाज यायचा, "अरे, छेद सारखे का करायचे ते आधी सांग की! नुसता काय पळत सुटलायस?" मी चिडायचो, पण पुन्हा नीट समजावायचो.

आता व्हिडिओ कसे चकाचक होतात! आणि वर्गात सगळ्यांचे चेहरे कोरे. मी ओरडलो, तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, आमचं अडायचं ते आजी विचारायच्या."

"मग आता तुम्ही विचारा."

"आमच्यावर तुम्ही ओरडता, सर. आजींना घाबरायचात."

हे पत्र मी टाकणार नाही. तू ते आईला वाचून दाखवशील आणि ती मध्येच म्हणेल, "पाल्हाळ पुरे, मुद्द्याचं बोल."

मुद्दा एवढाच आहे, की आता मला मध्येच टोकायला घरात कुणी नाही.

तुझा चिडका धाकटा