अकरा मात्रांचा भाग

५ मार्च, सोमवार

आमचं जुनं गाणं रेकॉर्ड करायला वीस वर्षांनी चौघं एका स्टुडिओत! गिटारवर दादा, कीबोर्डवर मी, ड्रमवर ढोल्या, बेसवर मुका. टोपणनावं तेव्हाचीच. ढोल्या आता वाळून काडी झालाय, मुका मात्र अजूनही मुकाच.

दादाला यायला तासभर उशीर. सवयीनं जुन्या तालमीच्या गल्लीत गेला होता, तिथं आता चपलांचं दुकान आहे. सगळे हसलो. तोही हसला.

नियम अजून तोच – कागद आणायचा नाही. बावीस मिनिटांचं गाणं, ठेका सतरा वेळा बदलतो, आणि सगळं डोक्यात. तेव्हा केवढा तोरा होता त्याचा! आज वाजवायला बसले तेव्हा पहिला सूर कुठला ते दोनदा मनात घोकलं.

६ मार्च, मंगळवार

ज्याची भीती होती तेच झालं.

सात मात्रांचा भाग संपला, मी शेवटाकडे वळले. दादानं गिटार थांबवली. "अगं, अकराचा कुठं गेला?"

कुठला अकराचा?

सातनंतर अकरा मात्रांचा संथ भाग येतो, म्हणाला. तूच बांधलेलास तो, असंही. त्यानं वाजवून दाखवला. सुंदर आहे. आणि मला त्यातला एकही सूर आठवेना. ढोल्या माझ्याकडे बघत होता. मुका जमिनीकडे.

"हो की," मी म्हणाले. "डोक्यातून गेलंच होतं."

आईचंही असंच सुरू झालं होतं. तेव्हा ती अठ्ठेचाळीसची होती. मी शेहेचाळीस.

७ मार्च

आईनं आधी भाजीत दोनदा मीठ टाकलं. मग माझं नाव विसरली. मधे फक्त चार वर्षं गेली.

८ मार्च, गुरुवार

स्टुडिओच्या जिन्यात उभी राहून डॉक्टरांकडे फोन केला, बारीक आवाजात. पुढच्या बुधवारी, चौदाला, सकाळी दहाची वेळ मिळाली. घरी बोलले नाही. लेकीला कळलं तर ती मला न्याहाळत बसेल – मी आईला न्याहाळायचे तशी. तिच्या प्रत्येक वाक्यात काय चुकतंय ते शोधत.

अकराचा भाग दादाकडून शिकतेय – शिकतेय असं न दाखवता. इथं तू काय वाजवायचास रे, असं विचारायचं आणि त्याच्या बोटांवरून उचलायचं. चोरासारखं वाटतं. तो खूश आहे. तुझे हात अजून तसेच आहेत, म्हणाला. मी मान वर केली नाही.

१० मार्च, शनिवार

संपलं रेकॉर्डिंग. तिसऱ्या खेपेला बावीस मिनिटं सलग. अकराच्या भागात बोटं घामानं घसरत होती, पण चुकले नाही. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टबाई म्हणाल्या, तो संथ भाग सगळ्यात भारी. दादाचा चेहरा असा काही उजळला!

निघताना मुका चक्क बोलला. आपल्या शेवटच्या कार्यक्रमाची कॅसेट माळ्यावर सापडलीय, ही घे. नको म्हणणार होते. आपल्याच हातांनी वाजवलेलं ऐकायचं आणि तरीही आठवायचं नाही… पर्सच्या तळाशी टाकली.

१३ मार्च, मंगळवार

तीन दिवस कॅसेट पर्समध्ये घेऊन फिरले. आज ऐकली. गाडीतल्या जुन्या प्लेअरवर, काचा वर करून.

एका बाजूला कार्यक्रम, दुसऱ्या बाजूला तालीम. दोन्हीकडे सातनंतर थेट शेवट. पुन्हा मागे नेऊन ऐकलं. अकराचा भाग नाहीच.

ढोल्याला फोन लावला. तो जरा घुटमळला. "खरं सांगू? मलाही आठवत नव्हता. पण तू हो म्हणालीस. म्हटलं, हिला आठवतोय म्हणजे असणारच." मुक्याचंही तेच.

म्हणजे मी काही विसरलेच नव्हते. स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. किती हलकं वाटलं – मिनिटभर.

मग कळलं – तो भाग फक्त दादाच्याच डोक्यात होता.

तोच दिवस, संध्याकाळ

दादाचा फोन. आवाजात नुसता उत्साह. उद्या स्टुडिओत किती वाजता जमायचं, विचारत होता – जणू शनिवारी काही संपलंच नव्हतं.

"दहाला," मी म्हणाले. "तू निघू नकोस. मी येते न्यायला."