आप्पा माझ्याकडं जेवत नाहीत

९ जानेवारी
आप्पा आले एकदाचे दुबईला! सोबत नाना. नाना म्हणजे आप्पांचे शाळेपासूनचे जोडीदार, कापूरहोळला ढाबा आहे त्यांचा. आप्पा एकटे विमानात बसायला तयार नव्हते, म्हणून नाना. आई म्हशीपायी घरीच राहिली. विमानतळावर बघते तर आप्पांचे नवे बूट हातात, पायात नुसते मोजे. "चावत्यात गं." बॅगेत आमच्या वेल्ह्याच्या खाचरातला इंद्रायणी तांदूळ, सगळ्या घरात वास सुटला.
फ्लॅट बघून नाना म्हणाले, "एवढं भाडं भरता आन् खाट टाकाय जागा न्हाई व्हय?"
मटण, भाकरी, भात. सकाळपासून राबले. नाना बोटं चाटून जेवले. आप्पा म्हणे विमानात खाल्लंय. नाना बघतच राहिले त्यांच्याकडं.

१० जाने.
चहा नको. पोहे नको. आंघोळ करून खाली गेले नि कोपऱ्यावरच्या मलबारी हॉटेलात परोटा खाऊन आले. पाण्याची बाटलीसुद्धा खालून विकत आणली.
शेवटी नानांना गाठलं स्वयंपाकघरात. "लेकीला लेकरू झाल्याबिगर बाप तिच्या घरचं खात न्हाई, पोरी. त्येच्या बापानं पन थोरल्या आत्याकडं पानी घेतलं नव्हतं." मी चाटच पडले. ऐकून होते, पण आजवर मी नि संदीपच सुट्टीला गावी जायचो, आईच्या हातचं खायचो. प्रश्नच आला नाही कधी.
"आप्पा, तांदूळ तर तुमच्याच शेतातला!"
"शिजला तुज्या चुलीवर."
नाना ताट पुढं करून, "मला तसलं काय न्हाई. तू काय माजी लेक न्हाईस. वाढ अजून."

१४ जाने.
संक्रांत. सं. लवकर आला गोदामातून. तिळाचे लाडू बरे जमले. आप्पांच्या पाया पडले, लाडू हातावर ठेवला. गोड गोड बोला म्हणाले नि लाडू सदऱ्याच्या खिशात.
सं. म्हणतो, सोड ना, म्हातारं माणूस आहे. कसं सोडू? स्वतःचा बाप रोज माझा जिना उतरून परक्याच्या टेबलावर जेवतो, आणि मी वर बसून काय करू? भांडी घासू? तो मलबारी त्यांना आता 'अप्पा' म्हणतो. जळफळाट झाला नुसता.
सदरा धुवायला घेतला, तर खिशात लाडवाचा चुरा.

१७ जाने.
व्हायचं तेच झालं. हॉटेलचं तेलकट खाऊन आप्पांचं पोट बिघडलं. उठवेना. कामावर रजा टाकली. मऊ भाताची पेज केली, मीठ घातलं, वर थोडं तूप. वाटी घेऊन बसले जवळ. तोंड फिरवलं त्यांनी.
मग माझा तोल गेला. जे गावी कुणालाच सांगितलं नव्हतं ते सगळं बोलले. मागच्या वर्षी सातव्या महिन्यात बाळ गेलं एवढंच त्यांना ठाऊक. त्यानंतर डॉक्टर काय म्हणाले ते नव्हतं. परत दिवस गेले तर माझ्या जिवावर बेतेल.
"मला लेकरू व्हनार न्हाई आता, आप्पा. कदीच न्हाई. मग तुमी माझ्याकडं जेवनार कवा? माझ्या तेराव्याला?"
नाना उठून बाहेर गेले. आप्पा भिंतीकडं बघत पडून राहिले. पेज गार झाली. टाकून दिली मी.
नको होतं असं बोलायला. पण बोलले ते बोलले.

१८ जाने.
नानांनी मलबाऱ्याकडून ताक आणून पाजलं आप्पांना. मला म्हणाले, "लई समजावलं म्या त्येला. काल त्येचे डोळं भरलं व्हतं. तुला दिसलं न्हाई."
मग रडत का नाही माझ्यापुढं? मी काय खाते का त्यांना?

२० जाने.
हे नीट लिहून ठेवायला पाहिजे.
सकाळी आप्पांनी संदीपला विचारलं, "जावईबापू, पोर कुठं ठिवलीया?" सं. माझ्याकडं बघायला लागला. मी मान हलवली.
शहराबाहेर गाडीनं बराच वेळ. आम्हा दोघांशिवाय तिथं कुणी गेलं नव्हतं. दफनभूमी म्हणजे सगळी वाळूच. लहानांची बाजू वेगळी, नुसत्या आकड्यांच्या पाट्या. सं.नं पाटी दाखवली. आप्पांनी टोपी काढली, खाली बसले. मला विचारलं, "जित्ती व्हती का जलमली तवा?"
"व्हय. थोडा वेळ. रडली पन, नर्स म्हणाली."
"रडली?"
"व्हय, आप्पा."
हात फिरवत राहिले वाळूवरून. नाना लांब उभे राहून नाक शिंकरत होते.
परत आलो. दारात आल्यावर आप्पांनी हातपाय धुतले आणि सरळ जेवायच्या टेबलापाशी जाऊन बसले.
"वाढ."
मला कळेचना. "काय, आप्पा?"
"तुला लेकरू झालं व्हतं का न्हाई? झालं व्हतं. रडली म्हन्तीस. मग म्या उपाशी का ऱ्हाऊ? वाढ."
आमटी-भात होता कालचा. तोच वाढला, गरम करायचंही सुचलं नाही. दोनदा भात घेतला. मी ओट्याला धरून रडत होते, आणि नाना म्हणत होते, "आरं, मला पन वाढा की कुनीतरी!"
एवढ्या दिवसांत कुणी तिला लेकरू म्हटलं नव्हतं. 'ते झालं ना', 'तसं झालं', एवढंच. मीसुद्धा.

२१ जाने.
आज आईचा व्हिडिओ कॉल. आप्पांनी मोबाईल लांब धरून एकदम सांगितलं, "काल लेकीकडं जेवलो."
मागं म्हैस हंबरत होती. मला वाटलं, आता भडकणार. आप्पांपेक्षा तीच कडक या बाबतीत. आप्पांनी कालचं सगळं सांगितलं तिला, वाळूचंही. ती पदरानं चष्मा पुसत राहिली, किती वेळ.
"आई, तू येशील का गं उन्हाळ्यात?" मी विचारलं.
ती म्हणाली, "कुनावर गेली व्हती गं पोर? तुज्यावर का जावईबापूंवर?"
मला काय माहीत. भूल उतरली तेव्हा ती गेलेली होती, आणि दुसऱ्या दिवशी दाखवायला आणली तर मी डोळे उघडले नाहीत. तोंड बघितलं ते फक्त संदीपनं. मी कधी विचारलं नाही, तो कधी बोलला नाही.
मोबाईल त्याच्या हातात दिला आणि शेजारी बसले. "आई," म्हणाला, "केस लई होते तिला..."