चिलापीची मुंडकी

४ जानेवारी
भिगवणच्या मासळी बाजारातली सगळी घाण आज आपल्याकडं. चिलापीची मुंडकी, आतडी, खवले. नणंद वनिता आणि मी बारीक करत बसलो, गूळ घालून खतासाठी ड्रममध्ये कुजत घातलं. आधीच्या ड्रममधलं पाणी गाळून वडगाव निंबाळकरला पाठवलं. तिथले टोमॅटोवाले फवारायला पुन्हा मागतायत. पूर्वी हेच सगळं धरणाच्या पाण्यात फेकायचे, नाहीतर कुत्री ओढायची. हात कितीही घासा, वास जात नाही. हे नाक मुरडतात, पण जेवतात.

७ जानेवारी
मांगूरच्या तळ्यांचा दत्ता आला होता. त्या माशावर बंदी आहे, पण हा बिनधास्त पाळतो, आणि त्याला खायला हीच घाण लागते. आधी लागेल तेवढी तोच उचलायचा, उरलेली पाण्यात जायची. आम्ही ओटे धुऊन देतो म्हणून बाजारातल्या बाया आता आम्हाला देतात. म्हणाला, उद्यापासून माझा टेम्पो येणार. व. म्हणाली, बायांना विचार. त्यानं ड्रमला लाथ घातली. सगळं अंगणभर. जाता जाता, "नवऱ्यानं टाकलेली बाई लई बोलती."
व.नं माती टाकून अंगण झाकलं.

११ जानेवारी
उठून बघते तर ड्रम कोयत्यानं फोडलेले. आमची काळी कुत्री तिथंच पडलेली, मान अर्धी तुटलेली. पो. स्टे.ला गेलो. अर्ज लिहून ठेवा म्हणाले. व.नं खड्डा काढला. तिच्या तोंडाकडं बघवेना.

१४ जानेवारी
संक्रांत.
सकाळी बाजारात क्रेट उचलत होतो. दत्तानं टेम्पो आडवा लावला. व. क्रेट सोडेना. त्यानं फावड्याचा दांडा काढून तिच्या हातावर घातला. हाड मोडलेलं मी ऐकलं. पडली तरी कमरेत, पाठीत हाणतच राहिला. बाजार भरलेला, पण कुणी पुढं झालं नाही. मग दमला. दांडा टाकला, क्रेट टेम्पोत ठेवायला वळला.
ओट्यावर कुणाचा तरी सत्तूर होता. त्याचा हात टेम्पोच्या फळीवर. मी घातला. दोन बोटं मुंडक्यांत जाऊन पडली.
पुन्हा उचलला होता. बाजारातल्या तात्यांनी मागून धरलं म्हणून, नाहीतर...

१५ जानेवारी
बारामतीच्या दवाखान्यात. व.च्या हातात सळई घालणार. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं तर, "वैनी, बोटं जोडली का त्याची?"
नाही म्हणलं. भिंतीकडं तोंड करून हसली. त्या हसण्याची मला भीती वाटली.
पश्चात्ताप होतोय का, मनात शोधून बघितलं. नाही. त्याचीही भीती वाटली.

१९ जानेवारी
व. घरी. आम्ही दत्तावर तक्रार दिली, त्यानंही माझ्यावर दिलीय.
तात्या आले. बाजारात सगळ्यात जुने, सगळी भांडणं तेच मिटवतात. म्हणाले, घाण त्याला देऊन टाका, दोघंही तक्रारी मागं घ्या. हे मान हलवत होते. खाटेवरून व. बोलली.
"तात्या, नवऱ्यानं मला मारलं तवा बी तुमीच बसला हुता. तडजोड झाली. म्होरल्या महिन्यात त्यानं डोस्कं फोडलं माजं."
तात्या उठले. दारात मला हळू म्हणाले, "पोरी, तू घातलास तवा त्याच्या हातात काय नव्हतं. मी बघितलंय."
मी पण बघितलंय. दांडा घरंगळत माझ्या पायाशी आला होता.
हे रात्री जेवले नाहीत. "तुला जेलात घातलं तर आपल्या पोरींचं कोण बघणार," एवढंच म्हणाले.

२२ जानेवारी
बाजारातल्या शकूबाई डोक्यावर घमेलं घेऊन घरी आल्या. मुंडकी. कुणी मागितलं नव्हतं. त्या दिवशी त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या, आणि हलल्या नव्हत्या. घमेलं उतरवून म्हणाल्या, "आमी समद्या बाया सांगणार हाय. दांडा त्याच्या हातातच हुता."
व. म्हणाली, तूही तेच सांग. हे पण तेच म्हणतात. आमचे वकीलही तसंच काहीतरी सुचवून गेलेत.
खरं सांगितलं तर मी आत जाईन, आणि दत्ताचा टेम्पो परत बाजारात. खोटं सांगितलं तर त्या सगळ्या बाया माझ्यासाठी खोटं बोलणार. कोर्टात उलटतपासणीत एकजण जरी चळली तरी... आणि तात्या? ते काय सांगतील?
काल दत्ताची बायको रस्त्यात दिसली. कडेवर लेकरू. थुंकली नाही, शिवी दिली नाही, नुसती बाजूला झाली. मला बघून घाबरली होती. मला.
आज पोलिसांत जबाब द्यायचाय. लुगडं नेसून झालं. व. मोडका हात गळ्यातल्या झोळीत अडकवून, चप्पल घालून दारात उभी आहे. दोनदा हाक मारली तिनं. काय सांगायचं, अजून ठरलं नाही.