कापूस लागला होता

बाबा, इथे हिमालयात माझं काम तुमच्यासारखंच आहे. पहाडी उंदीर पकडायचे, पाखरांची सोडलेली घरटी उचलायची, पांढऱ्या ट्रेवर झाडून पिसवा वेचायच्या आणि त्यांत प्लेग आहे का ते तपासायला पाठवायच्या. तुम्ही घाटंजीकडच्या तांड्यांवर हेच करत होता; फक्त तिथे घाम यायचा, इथे बोटं बधिर होतात. आज दुपारी पाहिलं तर पिसू चढली तर दिसावी म्हणून घातलेला एक पांढरा मोजा खाली सरकलेला आणि घोट्यावर पिसवांचे चावे.

मी लहान असताना एका वर्षी आई माहेरी होती, म्हणून मला सोबत तांड्यावर नेलंत. भाव येईना म्हणून लोकांनी कापूस विकला नव्हता. घरात आढ्यापर्यंत कापूस, आणि त्यात उंदीर मरून पडत होते. मला एका घरापुढच्या लिंबाखाली बसवून तुम्ही मागच्या खोलीत पिंजरे पाहायला गेलात. घरच्या बाईला माझी दया आली. "उन्हात काहून बसली वं माय? ये, इथं गादीवानी हाये," म्हणत तिने मला कापसाच्या ढिगावर बसवलं. पाहुण्याला घरातली मऊ जागा द्यायची, एवढंच तिला ठाऊक. तुम्ही बाहेर आलात, मला तिथे पाहिलंत आणि तिला शब्दानेही बोलला नाहीत. मला उचललंत आणि निघालात.

घरी येताच मी हात ओरबाडू लागले.

"काहून खाजवून राह्यली?"

"कापूस लागला, बाबा."

घरात कापूस भरला की सगळ्यांनाच खाज सुटते. त्यात पिसवेची कोणती, हे तुम्हालाही सांगता येईना. मग रोज सकाळी तुम्ही मला गुदगुल्या करू लागलात, काखेत आणि मानेखाली. एरवी तुमच्या तोंडावर धड हसूही फुटत नसे. मी खिदळतेय, "आणखी करा" म्हणतेय, आणि तुमची बोटं गार पडली आहेत. आई परतली, गुदगुल्या बंद झाल्या, तेव्हा मी चांगली रुसले होते. या नोकरीत काखेत, मानेखाली प्लेगची गाठ कशी चाचपायची ते शिकवलं, तेव्हा कुठे मला कळलं, तुम्ही काय शोधत होता. तोवर तुम्ही गेला होता.

आत्ता तंबूत बसून मी तेच करतेय. गाठ नाही. सोबत्यांना सांगितलंय, उद्या खाली डॉक्टरकडे नेतील. घरी मात्र कळवलेलं नाही, आणि हे पत्र टाकायचं तरी कुठे? मला फार भीती वाटतेय. स्वतःच्या हाताने गुदगुल्या होत नाहीत, बाबा.