कुवेतची वॉरंटी

१८ मार्च १९९०, रविवार
सोनलच्या कानाला मशीन लागलं. सुधाकरभाऊजींनी कुवेतहून आणलं. गेल्या सुट्टीत कानाचा साचा आणि डॉक्टरांचे कागद घेऊन गेले होते, दीर विसरले नाहीत.
बटण सरकवलं. पोरगी थिजली. मग हातातल्या पेपरचा कोपरा फाटला, आणि तिनं दचकून पेपरकडे पाहिलं. परत फाडला. परत. ह्यांनी अजून वाचलाही नव्हता. अख्खा पेपर तिनं पट्ट्या पट्ट्या करून फाडला, एकेक पट्टी कानाजवळ धरून. कुणी अडवलं नाही. हे भिंतीकडे तोंड करून उभे.
सहावं वर्ष लागलंय तिला. कागद फाटतो त्याला आवाज असतो हे आज कळलं.
वॉरंटीचं कार्ड पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, दोन वर्षं काळजी नाही."

९ एप्रिल
भाऊजी गेले परत. सोनल मुंग्यांच्या रांगेपाशी पालथी पडली होती, कान फरशीला. मग रागानं मशीनवर टिचकी. बिघडलं म्हणे! हलतं त्या सगळ्याला आवाज असणारच, असं तिचं ठरलंय. मुंग्यांना नसतो हे कसं समजावू? आणि मला तरी काय माहीत.

२७ मे
"आई" म्हणाली. आधी नुसतं "आ" यायचं. आज "ई" आली. हेंद्रेपाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांत सांगून आले.
दिवसभर फॅक्टरीच्या टेलिफोन बोर्डावर बसते, शंभर लोकांचे आवाज इकडून तिकडे जोडून देते. एवढ्या वर्षांत असा एकही ऐकला नाही.

१४ जून
मशीन बंद. सकाळी खरखर, दुपारपासून काहीच नाही. नवा सेल घातला, नाही.

१६ जून
अंबरनाथला कामावरून सुटल्यावर उल्हासनगर, कॅम्प २. सेल ज्याच्याकडून घेतो त्या सिंधी दुकानदाराला दाखवलं. डोळ्याला भिंग लावून बघितलं, न उघडताच परत दिलं. "बेन, सील तोडा तो वॉरंटी गई. बच्ची का कान है, रेडिओ नहीं. मैं हाथ नहीं लगाऊंगा." चहा पाजला. सेलचं पाकीट पैसे न घेताच दिलं, "ठीक होकर आयेगा तो लगेगा."

२१ जून
रजा टाकून मुंबई. मशीनच्या कंपनीचे इथले एजंट. थंडगार ऑफिस. बाई गोड बोलत होती. कार्ड उलटसुलट केलं. "हे इथलं नाही. जिथं घेतलं तिथंच." मी म्हटलं, नाव तर तुमचंच आहे ना? "नाव एक आहे मॅडम, वॉरंटी वेगळी."
येताना सोनल माझ्या तोंडाकडे बघत होती.

१ जुलै
"ई" गेली. परत नुसतं "आ". एवढ्यात?

८ जुलै
वांगणीचे एक गृहस्थ भाऊजींच्याच कंपनीत आहेत, ते निघाले. मशीन कापसात गुंडाळून, कार्डासकट त्यांच्याकडे दिलं. सोनलनं पिशवीचा बंद धरून ठेवला होता. एकेक बोट सोडवावं लागलं.

२६ जुलै
भाऊजींचा फोन, थेट माझ्या बोर्डावर. दुकानानं घेतलं मशीन. दुरुस्त करणाऱ्याला सगळे उस्ताद म्हणतात, पॅलेस्टाइनकडचा माणूस. म्हणाला, आतला एक भाग बदलायला लागेल, होईल. वॉरंटीत आहे.
हसू आलं उगाच, दिवसभर.

३ ऑगस्ट
इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. रेडिओवर. हे जेवले नाहीत.

६ ऑगस्ट
साहेबांना विचारून कुवेतचा ट्रंक कॉल बुक केला. एक्स्चेंजवाली म्हणते लाइन नाही. परत लावला. मी रोज दुसऱ्यांच्या लाइन जोडते, आणि...
रडू आलं ते भाऊजींसाठी की मशीनसाठी, कळलं नाही. दोन्हींसाठी असावं. ह्यांना सांगितलं नाही.

२९ ऑगस्ट
जॉर्डनहून विमानं भरभरून आपली माणसं येतायत. यादीत भाऊजी नाहीत. वांगणीचे गृहस्थ आले म्हणे. हे जाऊन आले. त्यांना काही ठाऊक नाही, वाटेत चुकामूक झाली.

१६ सप्टेंबर
भाऊजी आले. दुपारी दारात एक दाढीवाला उभा. मी विचारलं कोण पाहिजे. हसले तेव्हा ओळखलं. हातात काही नाही. कानामागं सोनलचं मशीन!
ह्यांनी भावाला धरलं ते सोडेनातच.

१७ सप्टेंबर
भाऊजींनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर पुढं माझाच विश्वास बसणार नाही.
दुकान लुटलेलं, काच सगळी रस्त्यावर. मशीन गेलं असं धरूनच ते निघायची तयारी करत होते. आदल्या दिवशी उस्ताद त्यांची खोली शोधत आला. कार्डावर पत्ता होता त्यावरून. सैनिक फिरतायत, गाड्या बंद, हा चालत. मशीन त्यानं आधीच घरी नेलं होतं, तिथंच बसून नीट केलं. कार्डावर दुकानाचा शिक्काही मारलेला! दुकान राहिलं नाही, शिक्का राहिला.
भाऊजी पैसे देऊ लागले तर हात मागं घेतला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "वॉरंटी. बच्ची सुनना चाहिए." पाणीसुद्धा न पिता गेला.
पुढं वाळवंटातून बस. नाक्यानाक्यावर झडती. घड्याळं, टेप, रेडिओ, सगळं काढून घ्यायचे. भाऊजींनी मशीन स्वतःच्या कानाला अडकवलं आणि बहिरे झाले. शिपाई ओरडायचे, भाऊजी नुसते बघत राहायचे. जॉर्डनच्या छावणीत आपल्या माणसांशीही बोलले नाहीत, भीतीनं.
"वहिनी, बहिऱ्याशी लोक एकतर ओरडतात, नाहीतर बोलतच नाहीत. सोनल कसे दिवस काढते हो?"
तिला जवळ घेऊन बसले होते ते.

१८ सप्टेंबर
मशीन लावलं. साचा जरा घट्ट झालाय, कान वाढला. बटण सरकवलं. बाहेर कुणीतरी बादली आपटली आणि तिनं मान वळवली.
मान वळवली!
भाऊजी उठून मागच्या ओट्यावर गेले. मी कार्डावरचा शिक्का बघत बसले. सरळ, ठळक, जराही न फिसकटलेला. बाहेर तसलं चाललेलं असताना कुणाचा हात इतका स्थिर कसा राहतो?

५ ऑक्टोबर
"ई" परत आली. "काका"सुद्धा. भाऊजींना काम नाही अजून. रोज पोरीला बोलायला शिकवत बसतात.

१५ ऑक्टोबर
साहेबांना विचारून परत कुवेत बुक केला. आज एक्स्चेंजवालीनं विचारलंच.
"ताई, तुमचे दीर आले ना? आता कोण आहे तिथं?"
"एक उस्ताद आहेत."
"पूर्ण नाव?"
"माहीत नाही."
"नंबर?"
दुकानाचा दिला, कार्डावरचा.
"हा उचलणार कोण, ताई?"
म्हटलं, असू दे, लावून ठेवा. तिनं नंबर लिहून घेतला. मग म्हणाली, "बरं, ठेवते. पाळी बदलली तर पुढच्या मुलीला सांगून जाईन."
पाच वाजेपर्यंत हेडफोन काढला नाही.