मुलाखतीची गुलाबी करंगळी

प्रिय आई,

आधी इथूनच वाकून नमस्कार, आणि लगेच बातमी: पावाच्या कारखान्यातली नोकरी मला मिळाली. यांचं काम सुटल्याचं तू मनाला लावून घेतलंयस. आता निवांत झोप.

मुलाखतीसाठी तुझ्या नातीने मला नटवलं. "गबाळी गेलीस तर दारातूनच परत पाठवतील," म्हणत तिने केस बांधले आणि दहाही नखं गुलाबी रंगवली. कपड्यांना इस्त्री यांनी केली. एका बाहीला दोन घड्या पडल्या, तरी मी तेच घालून निघाले.

तिथे पोचले तर भिंतीवर पाटी: पीठ मळणाऱ्यांनी नखं रंगवू नयेत. माझं धाबंच दणाणलं. शेजारी त्याच कामासाठी आलेली एक बाई होती. तिने पर्समधून रंग पुसायची बाटली काढून दिली. नऊ नखं पुसून झाली आणि बाटली संपली.

आत साहेबबाईंनी हात दाखवायला सांगितले. करंगळी लपवावीशी वाटली, तरी दहाही बोटं पसरली.

"ही एकटीच का नटलीय?"

"मुलीने हौसेने रंगवली होती. हिच्या वेळेला बाटली संपली, बाई."

त्या खुदकन हसल्या. "सोमवारी या. पण हिला समजावून आणा."

शेजारच्या बाईलाही घेतलं, बरं का.

तुझा गुडघा कसा आहे? गोळ्या घेतेस की नुसत्या डबीत ठेवतेस?

कितीतरी दिवसांनी हे आज शीळ घालत भांडी घासतायत. मी लिहायचं थांबवून ऐकत बसले होते.

तुझीच,
धाकटी