गुळाशिवाय पाणी

माघ वद्य तृतीया, बोर्ली

इंग्रज सरकारच्या कौन्सिलात जावं की नाही, यावरून आमचा पक्ष फुटला आणि खापर पुढारी नानांच्या माथी आलं. आज बाजारात एक कोळी ओरडला, “नाना, तुमच्या होडीला दोन सुकाणं का वो?” सगळे हसले. मीही हसलो. कशाला हसलो?

मग तहानलेले नाना माझ्याच ओटीवर आले. शेजारी बघत होते, म्हणून नुसतं पाणी पुढे केलं. गुळाचा खडा नाही. एरवी आधी गूळ, मग तांब्या!

नाना म्हणाले, “आज गूळ न्हाय, दादा?”

“संपला,” म्हणालो मी.

गुळाचा डबा माझ्या पाठीशीच, उघडा. त्यांनी तो पाहिला. हळूच म्हणाले, “असू दे. पाणी गार हाय.”